बारा आठवडे भूविज्ञान आणि सोसायटीमागची भिंत

मुंबईत भांडुप पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची उतरण जिथे वस्तीत शिरते, तिथे आमची चार मजली सोसायटी आहे. इमारतीमागे डोंगराचा पायथा कापून काढलेली अरुंद मोकळी जागा, तिला लागून सुमारे पंधरा फूट उंचीची दगडी संरक्षक भिंत आणि भिंतीच्या वर दाट झाडी. कपडे वाळत घालताना वीस वर्षे मी ती भिंत पाहत आले. ती कशाला थोपवून उभी आहे, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि पुढचे दोन दिवस बातम्यांतून 'मुरूम', 'दरडप्रवण क्षेत्र', 'जमिनीतील पाण्याचा दाब' हे शब्द कानावर येत राहिले. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले तेव्हाही हेच शब्द ऐकले होते आणि तेव्हाही ते समजले नव्हते. मी एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते, पदवी वाणिज्य शाखेची आहे आणि विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध दहावीत आला होता.

शनिवारी, २२ जुलैला, अकरावीत शिकणाऱ्या मुलाने केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर पर्यावरणीय भूविज्ञानाचा बारा आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम शोधून दिला. तो सोमवारी सुरू होणार होता. नाव नोंदवायला शुल्क नव्हते आणि पूर्वशिक्षणाची अटही नव्हती. व्याख्याने ऐकणे आणि गृहपाठ सोडवणे विनामूल्य होते. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र १,००० रुपये भरून प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची होती. परीक्षेचा निर्णय दीड-दोन महिन्यांनी घेतला तरी चालणार होता, म्हणून मी फारसा विचार न करता नोंदणी केली. इथेच एक चूक झाली. मुलाने घाईत माझे नाव जसे घरात लिहितात तसे, म्हणजे केवळ पहिले नाव आणि आडनाव, असे भरले. आधार कार्डावर मधले नाव आहे आणि पॅन कार्डावर माहेरचे आडनाव आहे. ही तीन नावे पुढे मला बरीच नडली, त्यामुळे ज्यांची कागदपत्रे लग्नानंतर अर्धवट बदलली आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी कोणते ओळखपत्र वापरणार ते ठरवावे आणि सर्वत्र त्यावरचेच नाव लिहावे.

दर आठवड्याला साधारण अर्ध्या तासाची पाच व्याख्याने येत आणि एक बहुपर्यायी गृहपाठ असे, जो बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत जमा करावा लागे. बारापैकी सर्वोत्तम आठ गृहपाठांची सरासरी धरून २५ गुण, परीक्षेचे ७५ गुण. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, असे दोन्हींकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागत. बँकेतून परतायला साडेसात वाजत असल्याने मी सकाळी साडेपाचची वेळ निवडली. पहिला आठवडा मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. व्याख्याने इंग्रजीत होती आणि अडचण इंग्रजीची नव्हती, कारण बँकेचा सगळा पत्रव्यवहार मी इंग्रजीतच करते; अडचण अशी होती की शब्द कळला तरी त्यामागे डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नव्हते. शेवटी मुलाची शालेय भूगोलाची जुनी पुस्तके माळ्यावरून काढली. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. विदारण, क्षरण, निक्षेपण. हे शब्द शाळेत पाठ केलेले होते आणि ते सापडल्याबरोबर वाक्ये जुळू लागली. मराठी विश्वकोशातील भूविज्ञानविषयक नोंदी संगणकावर फुकट वाचता येतात, त्यांचाही फार उपयोग झाला. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजव्या पानावर मराठी शब्द आणि त्याखाली मी स्वतः पाहिलेले एक उदाहरण, अशी पद्धत मी दुसऱ्या आठवड्यापासून ठेवली. उदाहरण सुचले नाही की तो भाग पुन्हा ऐकायचा, हा नियम त्यातूनच आला.

खडकांचे वय कसे काढतात हा भाग मला अनपेक्षितपणे सोपा गेला. किरणोत्सारी पोटॅशियमचे अर्धे प्रमाण उरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात, उरलेल्याचे पुन्हा अर्धे व्हायला तेवढीच. हे म्हणजे चक्रवाढ व्याजाचे गणित उलट बाजूने मांडल्यासारखेच होते आणि ते मी रोज करते. दख्खनच्या पठारावरचे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि मुंबईतील काही खडक त्यांच्याहून थोडे अलीकडचे, हे वाचल्यावर शहराकडे पाहण्याची माझी सवय बदलू लागली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींतला पिवळसर दगड मालाडचा आहे, हे मी पंचवीस वर्षे त्याच स्थानकातून ये-जा करूनही ऐकले नव्हते. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले होते, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे गोड्या पाण्याची तळी होती.

अभ्यासक्रमात क्षेत्रभेट नव्हती, आणि ऑनलाइन भूविज्ञानाची ही उणीव खरीच आहे, कारण बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक, चित्रात पाहणे आणि हातात घेणे यांत फार अंतर असते. म्हणून १३ ऑगस्टच्या रविवारी मी आणि मुलगा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर गेलो. सुमारे दोनशे फूट उंचीचे, एकमेकांना चिकटून उभे असलेले काळे खांब, माथ्यावर गावदेवीचे देऊळ आणि चहूबाजूंनी इमारती. लाव्हा थंड होताना आक्रसतो, आक्रसताना त्याला बहुकोनी भेगा पडतात आणि त्या भेगा खाली उतरत गेल्या की असे खांब तयार होतात, हे व्याख्यानात ऐकले होते; पण पायऱ्या चढताना पुजाऱ्यांनी आम्हाला सांगितले की पावसात या भेगांतून पाणी झिरपत राहते आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस खडक ओला दिसतो. त्या एका वाक्याने पुढचा भूजलाचा आठवडा मला निम्मा समजला. बेसॉल्ट स्वतः पाणी धरत नाही म्हटले तरी चालेल, पाणी असते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या थरात.

भूजलाच्या आठवड्यात सच्छिद्रता, म्हणजे कणांमधली रिकामी जागा, आणि पार्यता, म्हणजे त्यातून पाणी वाहून जाण्याची सोय, या दोन गोष्टींत मी गोंधळले आणि गृहपाठात दहापैकी चार उत्तरे चुकवली. मग स्वयंपाकघरातच प्रयोग केला. बुडाला भोके पाडलेल्या दोन प्लॅस्टिकच्या डब्यांपैकी एकात बांधकामाची वाळू आणि दुसऱ्यात गणपतीच्या कारखान्यातून आणलेली शाडूची माती भरली आणि दोन्हींत पेलाभर पाणी ओतले. वाळूतून पाणी मिनिटभरात खाली आले, शाडूत ते तासाभरानंतरही वरच होते. मातीच्या कणांमध्ये रिकामी जागा वाळूपेक्षा जास्त असू शकते, पण ती इतकी बारीक की पाण्याला वाट मिळत नाही. हे पाहिल्यावर तो फरक मी पुन्हा विसरले नाही. याच आठवड्यात समुद्राकाठच्या गोड्या पाण्याचा हिशेब कळला: भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. चर्चगेटजवळच्या १७२५ सालच्या भिखा बेहराम विहिरीचे पाणी समुद्र इतका जवळ असूनही गोडे का, याचे नवल त्यानंतर थोडे कमी झाले. पण उपसा वाढवून ती १ मीटरची पातळी निम्म्यावर आणली, तर खालचे वीस मीटर गोडे पाणी जाते, हेही त्याच हिशेबात आले.

पुराच्या आठवड्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण माझ्या कामाशी त्याचा थेट संबंध आला. २६ जुलै २००५ ला मी फोर्टहून निघून शीव गाठेपर्यंत रात्र झाली होती आणि पुढचा रस्ता कमरेएवढ्या पाण्यात होता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहराच्या दोन टोकांना इतका फरक होता म्हणूनच फोर्टमध्ये बसलेल्या आम्हा कोणालाही निघताना कल्पना आली नव्हती. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे, हेही अनेकांना त्याच दिवशी कळले. अभ्यासक्रमात 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगाचा अर्थ समजावला होता. तो पूर एकदा येऊन गेला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नसून दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, असा आहे. मी लगेच कागद घेतला. आम्ही गृहकर्ज वीस वर्षांचे देतो. वीस वर्षांत तसा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के निघते. आमच्या कर्जाच्या अर्जात घराच्या जागेच्या पातळीबद्दल एकही रकाना नाही.

सातवा आठवडा दरडींचा होता, म्हणजे ज्यासाठी मी आले होते तो. सह्याद्रीच्या आणि मुंबईच्या डोंगरांवर खाली अभंग खडक असतो, त्यावर झिजलेला खडक, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर माती. सलग मुसळधार पावसात वरचे थर पाण्याने भरतात. पाणी अभंग खडकापर्यंत जाऊन अडते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, वजन वाढते आणि थर एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद कमी होते. उताराचा पायथा घर किंवा रस्त्यासाठी कापलेला असला, तर वरच्या भाराला टेकायला काही उरत नाही. व्याख्यानाच्या शेवटी संरक्षक भिंतींचा उल्लेख अगदी दोन मिनिटांचा होता: भिंतीमागे साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली असतात आणि ती बंद झाली तर भिंतीला मातीचा भार आणि पाण्याचा दाब असे दोन्ही पेलावे लागतात.

हे मी रविवारी, १० सप्टेंबरला सकाळी ऐकले आणि चहा तसाच ठेवून मागे गेले. आमच्या भिंतीला भोके नव्हती. नीट पाहिल्यावर दोन ओळींत गोल डाग दिसले, मोजले तर चौदा. दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या रंगकामाबरोबर भिंतीलाही गिलावा झाला होता आणि भोकांतून मातकट पाणी येऊन फरशी घाण होते, या आमच्याच तक्रारीवरून कंत्राटदाराने ती सिमेंटने बुजवली होती. तक्रारीच्या त्या अर्जावर माझीही सही होती. मी छायाचित्रे काढली आणि सचिवांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून विचारले, "मॅडम, भिंतीला भोके पाडली तर भिंत कमजोर नाही का होणार?" दोन महिन्यांपूर्वी मीही हेच विचारले असते. मी त्यांना डब्यांचा प्रयोग सांगितला. मग लक्षात आले की इथे माझे बोलणे पुरेसे नाही आणि पुरेसे असूही नये. बारा आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाने ही भिंत सुरक्षित आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार येत नाही. लेखी अर्जात मी एवढीच मागणी केली की भिंत एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवावी.

त्यानंतर लगेच गणपती आले. १९ सप्टेंबरची चतुर्थी. आम्ही १६ तारखेला सावंतवाडीजवळच्या गावी गेलो. गावी नेटवर्क अंगणातल्या एका कोपऱ्यातच येते, त्यामुळे भूकंपाच्या आठव्या आठवड्याचा गृहपाठ हुकला आणि परत आल्यावर नवव्याचा घाईत चुकतमाकत केला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, हे दोन्ही त्या धड्यात होते. विसर्जन करून दमून झोपलेली माणसे पहाटे चारच्या सुमारास किल्लारीत गाडली गेली, हे मी गावी विसर्जनाहून परतलेल्या रात्री फोनवर वाचत होते. सर्वोत्तम आठच गृहपाठ धरले जात असल्याने एक हुकल्याचे नुकसान झाले नाही, पण ही सवलत सुरुवातीच्या आळशी आठवड्यांत खर्च करू नये, ती सणासाठी आणि आजारपणासाठी राखून ठेवावी. गावी एक लाभही झाला. घराच्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे मी पहिल्यांदा विद्यार्थिनी म्हणून पाहिले. सततच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते, म्हणून तो लाल. जमिनीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. चुलतसासरे हे ऐकून म्हणाले, "हे आमच्या पाथरवटाला विचारले असतेस तरी त्याने सांगितले असते." ते खरेच आहे.

परीक्षेचा अर्ज मी गावी जाण्याच्या आदल्या आठवड्यात भरला होता. छायाचित्र आणि सही ठरावीक आकारात द्यावी लागते. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करून दिवसाउजेडी टिपावी, नाहीतर ती पुसट दिसते. प्रमाणपत्रावर येणारे नाव इथे निश्चित होते, म्हणून आधारवरचे पूर्ण नाव लिहिले. शुल्क भरताना माझ्या खात्यातून १,००० रुपये वजा झाले आणि अर्ज मात्र 'शुल्क प्रलंबित' दाखवत राहिला. ग्राहकांना मी रोज जे सांगते, ते या वेळी स्वतःला सांगावे लागले: थोडी वाट पाहा, पुन्हा लगेच भरू नका. चार दिवसांनी रक्कम परत आली आणि मी दुसऱ्या खात्यातून भरली. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री हे घडले असते तर परीक्षा गेली असती, म्हणून अर्ज किमान आठवडाभर आधी भरावा.

केंद्रासाठी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशा पसंती देता आल्या. प्रत्यक्ष केंद्राचा पत्ता प्रवेशपत्रावरच कळला आणि तो पश्चिम उपनगरातला निघाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुपारच्या सत्रात माझी परीक्षा होती. रविवार म्हणजे मेगाब्लॉक हे गृहीत धरून मी साडेअकरालाच घर सोडले. बस, रिक्षा आणि परतीचा प्रवास मिळून २६० रुपये लागले. मूळ ओळखपत्र आणि छापील प्रवेशपत्र तपासून आत घेतले. मोबाइल बाहेर ठेवावा लागला, गणकयंत्र संगणकाच्या पडद्यावरच होते. आजूबाजूला बहुतेक अभियांत्रिकीची मुले होती. एकीने "काकू, तुम्ही पर्यवेक्षक आहात का?" असे अदबीने विचारले आणि मी तिच्या शेजारच्या संगणकावर बसल्यावर ती लाजली. परीक्षा तीन तासांची होती. निम्मे प्रश्न गृहपाठांच्या वळणाचे होते, बाकीच्यांत आकडेमोड आणि खनिजे होती. खनिजांनी मला दगा दिला. कठीणपणाची श्रेणी शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत पाठ होती, पण मधली दोन नावे अदलाबदल झाली.

निकाल डिसेंबरमध्ये लागला. गृहपाठांचे २२ आणि परीक्षेचे ३७, एकूण ५९. साठ झाले असते तर प्रमाणपत्रावर वरची श्रेणी आली असती, आणि त्या एका गुणासाठी गावच्या अंगणातला तो कोपरा मला दोन दिवस आठवत राहिला. प्रमाणपत्र फक्त संकेतस्थळावरून डाउनलोड करून घ्यायचे असते, टपालाने येत नाही. सगळा खर्च मोजला तर परीक्षेचे १,०००, प्रवासाचे २६०, वही आणि भिंग मिळून ३१०.

सोसायटीच्या ऑक्टोबरच्या सभेत अर्ज वाचला गेला आणि नोव्हेंबरमध्ये अभियंता आले. त्यांनी भिंत तासभर पाहिली, वरच्या झाडीत चढून गाळाने भरलेला चर दाखवला आणि दोन कामे लिहून दिली: भोके पुन्हा उघडून त्यांत जाळी लावलेले पाइप बसवणे आणि डोंगरावरून येणारे पाणी भिंतीमागे उतरण्याआधीच वळवणारा चर मोकळा करणे. त्यांचे शुल्क ८,००० रुपये आणि कामाचा खर्च ४६,००० रुपये झाला. दोन सभासदांनी फरशी पुन्हा घाण होणार म्हणून विरोध नोंदवला. काम मे २०२४ मध्ये पुरे झाले.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन मी मागे गेले. अकरा भोकांतून पाणी येत होते, काहींतून धार, काहींतून थेंब, आणि फरशीवर लाल चिखल पसरला होता. उजव्या टोकाची तीन कोरडी होती. तिथे पाणी पोहोचतच नाही की आत पाइप तुंबला आहे, हे बाहेरून कळण्यासारखे नव्हते. मी तारीख घालून त्यांचे छायाचित्र काढले आणि अभियंत्यांना पाठवले.